खापरपणजोबा १८५२च्या पैमाशीच्या बंडात होते म्हणे – कागद कुठे शोधू?

केळीचा_घड

नमस्कार मंडळी. गाव यावल तालुक्यात, फैजपूर-सावद्याच्या पट्ट्यात. घरात लहानपणापासून ऐकत आलोय की इंग्रजांनी जमिनीची मोजणी काढली तेव्हा आमचे खापरपणजोबा विरोधात उभे राहिले, त्यांना पकडून धुळ्याला नेलं. यंदा ग्रामपंचायत गावाची स्मरणिका काढतेय आणि तो लेख माझ्या गळ्यात पडलाय. शिवाय सरपंचांनी चौकात 'क्रांतिवीर' म्हणून फलक लावायचं मनावर घेतलंय.

मी माझ्या परीने वाचलं. खानदेशच्या जुन्या गॅझेटियरमध्ये (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) १८५२च्या गडबडीचा उल्लेख आहे. जळगाव जिल्ह्याच्या नंतरच्या गॅझेटियरमध्ये आहे. एका जुन्या स्मरणिकेत आहे, नेटवरच्या दोन लेखांत आहे. म्हणजे पाच ठिकाणी तीच हकिगत. मला वाटलं काम झालं. पण भाच्याच्या कॉलेजातले इतिहासाचे सर म्हणाले, "हे सगळं दुय्यम. प्राथमिक साधन काय आहे तुमच्याकडे?" घरात पेटीत मोडीचं एक बाड आहे, ते कुणाला वाचता येत नाही. आता पुढे काय करू? मी शेतकरी माणूस, पदवी बीकॉमची. सोपं करून सांगा.

दफ्तरदार_धुळे

केळीभाऊ, सरांनी बरोबर सांगितलं, पण अर्धंच सांगितलं.

तुमच्या पाच जागा पाच नाहीत. बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरचा खानदेशवरचा बारावा खंड १८८०चा, कॅम्पबेलच्या संपादनाखालचा. जळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर १९६२चं. त्यातला ब्रिटिश काळाचा भाग बहुतांशी जुन्यावरूनच उतरलेला आहे, दोन्ही शेजारी उघडून वाचा, कळेल. स्मरणिकावाल्यांनी त्यातून घेतलं, नेटवाल्यांनी स्मरणिकेतून. पाच नळांना पाणी आहे, पण विहीर एकच. म्हणून पुस्तकं मोजायची नाहीत, मुळाशी कुणाची साक्ष आहे ते बघायचं.

प्राथमिक म्हणजे त्याच काळातली साक्ष, दुय्यम म्हणजे नंतर दुसऱ्या कागदांवरून लिहिलेलं. आता गॅझेटियर प्राथमिक की दुय्यम? तुम्ही काय विचारताय त्यावर ठरतं. १८५२मध्ये काय घडलं असं विचाराल तर दुय्यम, कारण ते २८ वर्षांनी, कचेरीतले जुने कागद चाळून लिहिलेलं आहे. १८८०च्या सुमारास इंग्रज अंमलदार खानदेशातल्या शेतकऱ्याकडे कोणत्या नजरेने बघत होता असं विचाराल तर तेच पुस्तक अव्वल प्राथमिक. कागदाच्या कपाळावर शिक्का नसतो.

पहिलं काम घरबसल्या होण्यासारखं आहे. गॅझेटियरची त्या पानाची तळटीप वाचा. लोक मजकूर वाचतात आणि खालची बारीक अक्षरं सोडून देतात. तिथे 'बॉम्बे गव्हर्न्मेंट सिलेक्शन्स'चे क्रमांक रोमन आकड्यांत असतात, कुठे कुणा अधिकाऱ्याच्या अहवालाचं नाव असतं. तो धागा धरून एक पायरी मागे जा. सिलेक्शन्स म्हणजे सरकारनेच छापलेले निवडक अहवाल. त्यात तालुकावार पैमाश-जमाबंदीचे अहवाल आहेत आणि अनेकांना गाववार तक्ते जोडलेले आहेत, म्हणजे जमीन किती, आकार (शेतसारा) किती बसवला, आधी किती होता. तुमच्या गावाचा आकार वाढला की घटला हे त्या तक्त्यात दिसलं तर लेखाला पाया मिळेल. खापरपणजोबांचं नाव तिथे मिळणार नाही.

दुसरं, मुंबईचं पुराभिलेखागार. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथे कागद खात्यानुसार आणि सालानुसार लावलेले असतात. तुम्हाला महसूल खात्याचे १८५२ आणि १८५३चे खंड बघायचे. फौज आणावी लागली होती, त्यामुळे न्याय खात्यातही बघा. पोलीस, कैदी, जामीन हे तिकडे जातं. सूचीत खानदेश एवढंच शोधा. पूर्व खानदेश शोधाल तर हात हलवत परत याल, कारण पूर्व-पश्चिम अशी फाळणी १९०६ची. त्याआधी सगळा कारभार धुळ्याहून. तालुक्यांची नावंही तेव्हाची घ्या. तुमचा भाग सावद्यात बघा. आजचा जळगाव तालुका जुन्या कागदात नशिराबाद, साक्रीकडचा पिंपळनेर, मुक्ताईनगर म्हणजे एदलाबाद. आणि १८६९ला नाशिक जिल्हा झाला, त्याआधी मालेगाव-बागलाणसुद्धा खानदेशातच.

मुंबईचे खंड जीर्ण म्हणून बघायला मिळाले नाहीत तर तोंड पाडून बसू नका. मुंबई सरकारच्या महसुली कामकाजाची प्रत त्या काळात लंडनला जात असे, ती ब्रिटिश लायब्ररीत आहे.

गिरणाथडी

भाऊ, आमना गावमा बी आशीच गोट शे. आमच्याकडे तर भुयारही आहे, ते थेट असीरगडले निंघस म्हने. खानदेशात भुयार नसलेलं गाव दाखवा, माझ्यातर्फे भरीत-पुरी.

बाकी दफ्तरदार, एक शंका. मुळात कागदच बघायचे तर मधली पुस्तकं वाचायचीच कशाला? सरळ मुंबई गाठावी.

जुनी_वही

गिरणाथडी, असं करून मुंबई गाठणारे मी पाहिलेत. समोर खंड येतो, तिरक्या इंग्रजी अक्षरात पानंच्या पानं, आणि दुपारपर्यंत हाती काय लागलं तर एका कारकुनाच्या रजेचा अर्ज. आधी पुस्तकं वाचली असली की कुठला महिना, कुठले अधिकारी, कुठला तालुका हे ठाऊक असतं. दुय्यम साधन वाचायचं ते त्यातली मतं उचलायला नव्हे, लेखकाने कुठे खणलं ते बघायला. चांगल्या पुस्तकाच्या टिपा म्हणजे दुसऱ्याने फुकट दिलेला पत्ताच.

खानदेशपुरतं सांगते. अरविंद देशपांडे यांचं जॉन ब्रिग्जच्या कारभारावरचं इंग्रजी पुस्तक १८१८नंतरची पहिली घडी समजायला उत्तम. सुमित गुहा यांनी मुंबई दख्खनच्या शेतीच्या अर्थकारणावर आणि सातपुड्याकडच्या जंगल-समाजावर लिहिलंय. मराठेशाहीतल्या खानदेशासाठी स्ट्युअर्ट गॉर्डन. या सगळ्यांच्या टिपांत दफ्तराचं नाव, साल, खंड क्रमांक असतात. आणि शोधगंगा, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांचं नेटवरचं भांडार, विसरू नका. आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचेही प्रबंध तिथे आहेत. काही प्रबंध अगदीच गॅझेटियरची खिचडी असतात, पण संदर्भसूचीवरून ते पाच मिनिटांत कळतं.

आता माझ्या आवडीचा विषय, वर्तमानपत्रं. १८५२ला मराठीत कोण छापत होतं? मुंबईला भाऊ महाजनांचं प्रभाकर, पुण्याला १८४९पासून ज्ञानप्रकाश, आणि मिशनऱ्यांचं ज्ञानोदय, जे १८४२ला नगरला सुरू झालं. इंग्रजीत बॉम्बे टाइम्स. या अंकांत खानदेशची बातमी मिळाली तर ती समकालीन साक्ष. पण जपून. पुण्याच्या संपादकाने सावदा पाहिलेलं नसतं, त्याला कुणाचं तरी पत्र आलेलं असतं. 'धुळ्याहून एक गृहस्थ लिहितात' हा गृहस्थ मामलेदाराचा कारकून होता की ज्याचं वतन धोक्यात आलं तो देशमुख, यावर बातमीचा रंग ठरतो. ज्ञानोदय वाचताना त्यामागे धर्मप्रसाराचं काम होतं हे डोक्यात ठेवायचं.

कुणी तुम्हाला नेटिव्ह न्यूजपेपर रिपोर्ट बघा असं सांगेल. देशी पत्रांत काय छापून येतं याचा सरकारने करून घेतलेला साप्ताहिक गोषवारा. खजिना आहे तो, दुष्काळाच्या वर्षांसाठी तर मी त्याच्याशिवाय पान हलवत नाही. पण मुंबई इलाख्यात तो १८६८पासून सुरू होतो. केळीदादांच्या कामाचा नाही.

केळीचा_घड

धन्यवाद. डोकं गरगरतंय, पण वाट दिसतेय. गॅझेटियर पुन्हा उघडलं, तळटीप खरंच आहे.

पेटीतल्या बाडाचे फोटो काढलेत. एक कागद बरा आहे, बाकीच्यांना कसर लागलीय. आमच्या गावच्या एका आजोबांना थोडं मोडी येतं, ते चष्मा पुसून पुसून एवढंच वाचू शकले: 'सुहूर सन इहिदे खमसैन मया व अलफ', मग 'परगणे सावदे', आणि पुढे वतनाबद्दल काही. ते म्हणाले तीनशे वर्षांचा कागद आहे, देव्हाऱ्यात ठेव. खरंच एवढा जुना आहे?

दफ्तरदार_धुळे

देव्हाऱ्यात नका ठेवू, तिथे तेल, हळद, धूर. सुती कापडात, कोरड्या जागी. आणि कसर लागलेल्या कागदांना सेलोटेप लावू नका, हात जोडून सांगतो.

तारीख सोपी आहे. सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात आणि उलटं, म्हणजे एकम आधी. इहिदे म्हणजे एक, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार. झाले ११५१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण सुहूर वर्ष मृगाच्या सुमारास बदलतं. म्हणजे १७५०-५१, नानासाहेब पेशव्यांचा काळ. मजकुरात कुठे 'छ' आणि पुढे रबिलावल, जमादिलाखर असं काही असेल तर तो मुसलमानी महिन्याचा चंद्र, त्यावरून नेमका दिवस काढता येतो. मोडक किंवा खरे यांची जंत्री (तारखा जुळवायची कोष्टकं) त्यासाठीच असते. कुठे फसली साल दिसलं तर ५९० मिळवा, शक असेल तर ७८, आणि वर्षाच्या कडेचे महिने असले तर दोन्हीकडे एक जास्त.

पण ही झाली मजकुरातली तारीख. कागदाची तारीख वेगळी असू शकते. तो कागद सकाळच्या उन्हात काचेवर धरा. हाताने केलेला देशी कागद असेल तर आत रेघा ओबडधोबड, तंतू दिसतात. विलायती गिरणीचा असेल तर आत पाण्याची खूण दिसेल, इंग्रजी अक्षरं, कधी कधी चक्क साल. मजकूर १७५०चा आणि कागदात खूण एकोणिसाव्या शतकातली निघाली तर ती नक्कल. शिक्का उमटलाय का बघा. शेवटी 'मोर्तब सूद' (शिक्का झाला, असा शेरा) नुसतं हाताने लिहिलंय आणि शिक्क्याचा ठसा नाही, तरी बहुधा नक्कलच.

आणि नक्कल निघाली म्हणून खट्टू होऊ नका. उलट इथे तुमच्या गोष्टीला वळण मिळतंय. १८५२चा अकरावा कायदा आठवा, इनाम कमिशनचा. दख्खन, खानदेश आणि दक्षिण मराठा मुलखातल्या करमाफ जमिनींची चौकशी त्याने पक्की केली. सनद दाखवा, नाहीतर जमिनीवर आकार बसेल. त्या काळात घरोघर पेट्या उघडल्या, जुन्या कागदांच्या नकला झाल्या, आणि खोटे बोलत नाही, काही कागद नव्यानेच जुने झाले. म्हणजे ज्या वर्षी सावदा, फैजपूर, एरंडोल भागात मोजणीविरुद्ध लोक जमले, त्याच वर्षी वतनदाराच्या मानेवर ही दुसरी सुरी होती. तुमच्या पेटीतली नक्कल त्या धांदलीतली असेल तर ती १७५०ची दुय्यम साक्ष आणि १८५०च्या दशकाची प्राथमिक. 'असेल तर' हे शब्द खाऊ नका.

मूळ ताडून बघायचं तर पुण्याचं पुराभिलेखागार. पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) तिथे आहेत आणि जुन्या एलिएनेशन ऑफिसचे, म्हणजे इनामांच्या चौकशीचे, कागदही. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ छापील खंड म्हणजे त्यातला चिमूटभर भाग. छापलेल्यात नाही म्हणजे दफ्तरात नाही, असं समजू नका.

तात्या_तलाठी (निवृत्त)

फार शहाणपणाच्या गोष्टी चालल्यात, मी एक हिशोब विचारतो. केळीभाऊ, तुमचं वय काय?

केळीचा_घड

पन्नास पूर्ण, तात्या.

तात्या_तलाठी (निवृत्त)

म्हणजे तुमचा जन्म १९७५च्या आसपास. पिढीला तीस वर्षं धरा. वडील १९४५, आजोबा १९१५, पणजोबा १८८५, खापरपणजोबा १८५५. मग १८५२ला फैजपुरात उभं कोण होतं? पिढ्या जरा लांब धरल्या तरी खापरपणजोबा त्या वेळी पाळण्यात किंवा फार तर बापाच्या खांद्यावर. गोष्ट खोटी म्हणत नाही. माणूस एक पिढी वरचा असेल, किंवा घटना दुसरी असेल.

ते बंड कागदावर शोधायच्या आधी घरातला माणूस कागदावर शोधा. सातबारा-फेरफारच्या जुन्या प्रती आपले अभिलेखवर बघा, नाहीतर तहसिलीत अर्ज टाका. पण हक्कनोंदणीचा कायदाच मुंबई इलाख्यात १९०३चा, त्यामुळे फेरफारात १८५२ मिळणार नाही, आजोबा-पणजोबा मिळतील. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू मिळतात. मराठी शाळेचं जनरल रजिस्टर बघा, त्यात बापाचं नाव आणि जन्मतारीख असते, मात्र ती तारीख बऱ्याचदा मास्तरांनी अंदाजाने घातलेली. १ जूनला जन्मलेली निम्मी पिढी तशीच आहे. कुणबी नोंदींच्या शोधात जिल्हा कचेऱ्यांनी पुष्कळ जुनी रजिस्टरं स्कॅन करून टाकलीत, त्यातही डोकवा.

एका कचेरीचं नाव घेत नाही, पण तिथे 'जुनं रेकॉर्ड जळालं' असं सांगून लोकांना परत पाठवायचे आणि गठ्ठे जिन्याखाली असायचे. तोंडी विचारू नका. लेखी अर्ज, त्यात गाव नमुन्याचा क्रमांक आणि सालं. लेखी आलं की कपाटं सापडतात.

आणि सगळ्यात सोपं: त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय कोण ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांच्या नामावळीत कोण कधी आलं, सोबत कोण, बापाचं-आज्याचं नाव काय, हे त्या-त्या वेळी लिहिलेलं असतं. सरकारी नोंद नाही म्हणून शिकलेले लोक नाक मुरडतात, पण माणूस स्वतः समोर बसून सांगतोय आणि लिहिणारा लिहितोय, यापेक्षा प्राथमिक ते काय? भाटाची वंशावळ त्यामानाने जरा हाताचं राखून घ्या. त्यात मधल्या दोन पिढ्या गळतात आणि वरच्या टोकाला सगळेच राजपूत निघतात.

गिरणाथडी

तात्यांना साष्टांग. सगळ्यांचे खंड-रुमाल एकीकडे आणि पाटीवरचा हिशोब एकीकडे.

सातपुडा_पायथा

शहाद्याहून. वाचतोय सगळं, पण एक बोलायचंच आहे. तुम्ही सगळे कागद-कागद करताय. ज्यांच्याकडे पेटीच नव्हती त्यांनी काय करावं?

१८५७-५८चं आमच्याकडचं उदाहरण घ्या. खाज्या नाईक, भीमा नाईक हे भिल्ल पुढारी. सेंधवा घाटात सरकारी खजिना लुटला, एप्रिल १८५८ला आंबापाणीला लढाई झाली. यावर लिहिलेलं जे काही कागदावर आहे ते जवळजवळ सगळं मारणाऱ्याच्या बाजूचं. मुंबई सरकारच्या कागदांतून काढलेल्या स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा पहिला खंड १९५७ला छापला, १८१८ ते १८८५चा. त्यात भिल्लांच्या उठावांचे कागद आहेत, आणि जरूर वाचावेत. पण वाचताना त्यात आमचे लोक फक्त तीन वेळा दिसतात: लुटताना, पकडले जाताना, माफी मागताना. मधल्या काळात ते नांगरत होते, लग्नं करत होते, सावकाराला धान्य घालत होते, ते अहवालात का येईल? आणि भिल्ल कोअर, म्हणजे इंग्रजांची भिल्ल पलटण? आउट्रम साहेबाने १८२५ला धरणगावला उभी केली, तिच्यात आमचेच लोक होते. मग खाज्यावर चाल करून जाणाऱ्यांत कोण होतं, हा प्रश्न गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला विचारला की तो गप्प बसतो. तो गप्प बसला हेसुद्धा मी वहीत लिहून ठेवतो.

म्हणून तोंडी परंपरा नुसती 'दंतकथा' म्हणून बाजूला सारू नका. तिची चौकशी कागदाइतकीच कडक करा, एवढंच.

दफ्तरदार_धुळे

सातपुडाभाऊ, तत्त्वतः मान्य. पण तोंडी परंपरेत साल घसरतं, माणसं एकमेकांत मिसळतात, आणि गेल्या पन्नास वर्षांत छापून आलेलं परत गाण्यात शिरतं. एका ठिकाणी मी एक पोवाडा ऐकला, त्यातलं वाक्य शब्दशः शालेय पुस्तकातलं होतं. म्हणून कोण सांगतंय, त्याने कुणाकडून ऐकलं, आणि शेजारच्या गावात तीच गोष्ट कशी सांगतात, हे तिन्ही टिपलं तरच मी तिला साधन म्हणेन.

सातपुडा_पायथा

हे तिन्ही सरकारी अहवालालाही विचारा की. साहेबाला कुणी सांगितलं? दुभाष्याने. दुभाष्याला? पाटलाने. पाटलाचं आणि भिल्लांचं काय वैर होतं? ते अहवालात नसतं.

बुऱ्हाणपूरवाला

यावर आमच्या गावचा दाखला देतो. (हो, बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण फारुकींचं, म्हणजे इथल्या जुन्या सुलतानांचं, खानदेश आमच्याशिवाय मांडून दाखवा.)

असीरगड जानेवारी १६०१मध्ये अकबराच्या हाती आला. कसा? अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल स्वतः त्या मोहिमेत होता. दरबारी बाजूच्या बखरकारांचं म्हणणं साधारण असं की गडात रोगराई पसरली, माणसं मेली, आतल्यांचा धीर सुटला. त्याच वेळी अकबरासोबत जेझुइट पाद्री जेरोम झेवियर होता. त्याच्या पत्रांवरून युरोपात जी हकिगत छापली गेली ती सांगते की बादशहाने बोलणीच्या नावाखाली फारुकी राजाला बाहेर बोलावून अडकवलं आणि किल्लेदारांना पैसे चारले. दोन्ही समकालीन, दोन्ही जागेवरची माणसं. प्राथमिक विरुद्ध प्राथमिक! इंग्रज इतिहासकारांतही यावर भांडणं झाली. व्हिन्सेंट स्मिथने पाद्र्याची बाजू उचलली, पुढे इतरांनी तीच संशयास्पद ठरवली.

त्यामुळे 'प्राथमिक साधन मिळालं म्हणजे सत्य मिळालं' अशा भ्रमात राहू नका. अबुल फजलला धन्याची अब्रू सांभाळायची होती, पाद्र्याला पोर्तुगीजांची.

आता गंमत. फारुकींच्या इतिहासासाठी सगळे फिरिश्ता हा जुना फारसी इतिहासकार उद्धृत करतात. पण फारसी फिरिश्ता किती जण वाचतात? बहुतेक जण १८२९ला छापलेलं इंग्रजी भाषांतर वाचतात. ते केलं कुणी? वर जुनी_वही ताईंनी नाव घेतलेल्या जॉन ब्रिग्जने, म्हणजे १८१८ला खानदेशचा ताबा घ्यायला आलेल्या त्याच साहेबाने. जो आत्ताच मुलूख घेऊन बसलाय तो त्या मुलखाच्या जुन्या राजांचा इतिहास भाषांतरित करतोय. जमत असेल तर मूळ फारसीशी ताडून बघा, नसेल तर लेखात 'ब्रिग्जच्या भाषांतरानुसार' एवढं तरी लिहा.

आणि दगडाला विसरू नका. आमच्या जामा मशिदीत फारुकी राजा आदिलशहाचा लेख आहे, अरबीत आणि चक्क संस्कृतातही. संस्कृत लेखात फारुकींची वंशावळ, शक १५११, संवत १६४६, तिथी-नक्षत्रासकट. म्हणजे १५९०. वंशावळीचा घोळ झाला की मी पुस्तक मिटतो आणि एपिग्राफिया इंडिका या शिलालेखांच्या नियतकालिकातलं त्याचं वाचन काढतो.

जुनी_वही

बुऱ्हाणपूरवाले, छान. दगडाचा विषय निघालाच आहे तर चाळीसगावजवळचं पाटण. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने काढलेल्या मठाचा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. संस्कृत आहे, पण शेवटी दानाचा तपशील मराठीत येतो, कारण कर कुणी किती द्यायचा हे गावच्या माणसाला कळायला हवं होतं. भास्कराचार्य कुठले यावर आपल्याकडे तावातावाने भांडणारे बरेच आहेत. त्यातले किती जण तो लेख पूर्ण वाचून आलेत ते विचारू नये.

(अवांतर झालं. केळीदादा, स्मरणिका कधी छापायची आहे?)

केळीचा_घड

दिवाळीच्या आत.

मंडळी, थोडी प्रगती. तात्यांनी सांगितल्याप्रमाणे नाशिकच्या गुरुजींकडे जाऊन आलो. नामावळीत खापरपणजोबा आहेत, सोबत त्यांच्या वडिलांचं नाव. म्हणजे १८५२ला जे कुणी असतील ते हे वडील असावेत. घरात हे नाव कुणाला माहीतच नव्हतं! आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "अरे, धुळ्याला नेलेला तो हाच असंल, आमची आजी त्याचं नाव घेत नसे." कागद उन्हात धरला. आत इंग्रजी अक्षरं दिसतात, पण साल काही लागत नाही. ठसा नाही.

आता मुंबईच्या आधी धुळ्याला राजवाडे मंडळात जाऊ का? तिथे काय मिळेल?

दफ्तरदार_धुळे

जरूर या. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यातच गेले आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाने मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांनी गावोगाव फिरून वाड्यांतली दफ्तरं गोळा केली, १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले. छापील खंडांना खंडवार प्रस्तावना आहेत. त्या वाचताना मात्र लक्षात असू द्या की खंडातली पत्रं प्राथमिक, प्रस्तावना राजवाड्यांची. माणूस प्रचंड, तितकाच हट्टी. त्यांच्या कागदांवर डोळे मिटून विश्वास ठेवा, मतांवर उघडे ठेवून. मंडळाच्या 'संशोधक' त्रैमासिकाचे जुने अंक चाळा, खानदेशातले बरेच कागद त्यात छापले गेलेत. १८५२चं थेट काही मिळेल अशी आशा धरून येऊ नका, सावदे परगण्याच्या वतनदारांबद्दल काही मिळालं तर तुमच्या नकलेला शेजार मिळेल. येण्याआधी फोन करून वेळ विचारा.

मुंबईला जाताना ओळखपत्र आणि भाच्याच्या सरांचं पत्र घ्या. तिथे जो खंड बघाल त्याचं खातं, साल, खंड क्रमांक आणि पान कागद समोर असतानाच लिहा. फोटो काढायची परवानगी मिळाली तरी पहिला फोटो खंडाच्या पाठीचा. घरी येऊन 'हा कुठला कागद' करत बसलेले थोर लोक मला माहीत आहेत. आणि जमलं तर पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गाला नाव घाला. दुसऱ्याच्या डोळ्यांनी मोडी वाचण्यात 'म' आणि 'स'ची गफलत झाली तरी तुम्हाला कळणार नाही.

तात्या_तलाठी (निवृत्त)

नाव मिळालं ना, आता महसूल किंवा न्याय खात्याच्या खंडात अटक केलेल्यांची यादी असली तर ती चाळताना गावाचं नाव आधी बघा, माणसाचं नंतर. इंग्रज कारकुनाने आपल्या नावांचं काय करून ठेवलेलं असतं ते देवच जाणे. एकाच माणसाची तीन स्पेलिंगं एका पानात पाहिली आहेत. धुळ्याचंच 'धुलिया' केलंय, तर आपल्या पाटलाचं काय.

केळीचा_घड

स्मरणिकेत मी सध्या एवढं लिहिलंय, बघा चालेल का:

"१८५२ साली सावदा-फैजपूर-एरंडोल भागात सरकारी पैमाशीला विरोध झाला आणि तो फौज आणून मोडण्यात आला, असे १८८०च्या गॅझेटियरवरून दिसते. आमच्या घराण्यातील एका पुरुषास या प्रकरणी धुळ्यास नेल्याचे घरात सांगतात. नाशिकच्या नामावळीवरून तो पुरुष खापरपणजोबांचे वडील असावेत. अटकेचा समकालीन कागद अद्याप मिळालेला नाही."

सरपंच म्हणतात, हे काय लिहिलंस, 'सांगतात', 'असावेत', 'मिळालेला नाही', लोक हसतील. ठोकून लिही.

जुनी_वही

एक अक्षर बदलू नका. फक्त "दिसते"च्या आधी गॅझेटियरचा खंड आणि पान घाला. आणि आत्याबाईंचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, वेगळं लिहून ठेवा. "आजी त्याचं नाव घेत नसे" हे वाक्य माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या बाडापेक्षा मोलाचं आहे. का घेत नसे?

सातपुडा_पायथा

+१. आत्याला अजून विचारा. सावकाश, आणि एकटीला गाठून. चार पाहुणे बसलेले असताना नाही.

गिरणाथडी

आणि फलकाचं काय? चौकातल्या फलकावर 'असावेत' रंगवणार का?

केळीचा_घड

पेंटरला खापरपणजोबांचं नाव देऊन झालंय. उद्या रंगवायला घेणार.

तात्या_तलाठी (निवृत्त)

अहो मग इथे काय टाइप करताय, आधी पेंटरला फोन लावा!